युद्धनौकांचे टपालशिक्के व स्मरणकव्हरे

युद्धनौकेवरच्या टपाल कार्यालयाचा शिक्का असलेली पाकिटे, म्हणजेच संग्राहकांच्या भाषेत ‘कव्हरे’, जमवणे ही टपालतिकीट संग्रहाची एक शाखा आहे. ती सर्वांत जास्त अमेरिकेत रुजली, कारण तिथे जहाजाच्या नावाचाच शिक्का मिळतो. १९०८ च्या कायद्याने अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर टपाल कार्यालये उघडण्याची मुभा मिळाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश युद्धनौकांची पत्रे ‘मेरीटाइम मेल’ अशा निनावी शिक्क्याने जात. भारतीय नौदलाच्या जहाजांचा पत्ता मुंबईसारख्या बंदरातल्या फ्लीट मेल ऑफिसमार्फतचा, म्हणजे नौदलाच्या टपाल कार्यालयामार्फतचा असतो. त्यामुळे इथल्या संग्राहकाची मदार मुख्यतः किनाऱ्यावरच्या विशेष शिक्क्यांवर आणि तिकिटांवर राहते. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘आयएनएस नीलगिरी’चे १९६८ चे तिकीट हे त्यातले एक.

जुन्या अमेरिकी शिक्क्याच्या एका नेहमीच्या प्रकारात गोलावर जहाजाचे नाव, मधोमध दिनांक आणि बाजूला तिकीट बाद करणाऱ्या तीन आडव्या पट्ट्या असतात. पट्ट्यांमधल्या फटींत बंदराचे किंवा प्रसंगाचे नाव बसवता येई. १७९७ साली जलावतरण झालेले ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे लढाऊ गलबत १९३१ ते १९३४ या काळात अमेरिकेच्या किनाऱ्यांवरील बंदरांना भेटी देत फिरले, तेव्हा फटींतले नाव बंदरागणिक बदलत गेले. या एकाच जहाजावर अख्खा संग्रह उभा राहू शकतो. शिक्क्यांची वर्गवारी डॉ. फ्रान्सिस लोसी या संग्राहकाने लावली. १९३२ साली स्थापन झालेल्या युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी या जहाज-शिक्क्यांच्या संग्राहकांच्या संस्थेचे सदस्य आजही तीच वापरतात.

पाकिटाच्या डाव्या बाजूला छापलेल्या किंवा रबरी ठशाने उमटवलेल्या स्मरणचित्राला ‘कॅशे’ म्हणतात. ते खाजगी माणसेही छापतात, म्हणून कव्हराची किंमत आधी शिक्क्यावरून ठरवावी. जलावतरणाच्या दिवशी जहाजावर टपाल कार्यालय नसतेच. त्या कव्हरावर गोदीच्या शहराचा शिक्का असतो, आणि तो दोष नव्हे. नौदलात दाखल होण्याचा दिवस आणि जहाजावरील टपालसेवेचा पहिला दिवस बहुधा वेगळे असतात. दोन्हींची कव्हरे निरनिराळी धरतात. सेवेतला शेवटचा दिवसही तितकाच मागणीत असतो.

अमेरिकी जहाजाचा शिक्का मागवायचा तर साधारण १६.५ × ९.२ सेंमी.चे पाकीट घ्यावे. त्यावर स्वतःचा पत्ता उजवीकडे, पण खालच्या अंगाला लिहावा. पत्ता वर सरकला की शिक्का त्यावरच बसतो. तिकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात, त्याच्या डावीकडे चार बोटे जागा मोकळी. आत पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद घालावा, नाहीतर ठसा अर्धवट उमटतो. हे पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात, विनंतीच्या दोन ओळींसह, जहाजाच्या टपाल अधिकाऱ्याच्या नावे पाठवतात. परतीचे तिकीट अमेरिकीच हवे. भारतीय तिकीट तिथे चालत नाही. एका वेळी दोन-तीन पाकिटे पुरेत. गठ्ठा पाठवला तर जहाजावरच्या कामाच्या माणसांना नाहक ताप होतो. ठरावीक तारीख हवी असेल तर बरेच आधी पाठवावे, कारण जहाज समुद्रात असले की टपाल आठवडेच्या आठवडे अडते. लहान जहाजांवर बहुधा टपाल कार्यालय नसते. ते आधी पाहून घ्यावे.

शिक्क्याला शाई जास्त झाली तर अक्षरे भरून जातात, कमी पडली तर वर्ष वाचता येत नाही. गुळगुळीत कागदावर ती पसरते. कधी पाकीट किनाऱ्यावर पोहोचल्यावर यंत्राचा दुसरा शिक्का त्यावर चढतो. त्याला इलाज नाही.

दुसऱ्या महायुद्धात गुप्ततेसाठी अमेरिकी शिक्क्यातूनही जहाजाचे नाव काढले गेले. १९४२ पासून अमेरिकी सैनिकांना तिकिटाच्या जागी ‘फ्री’ लिहून पत्र पाठवता येई. अशा कव्हरांवर जहाज ओळखायचे ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून. म्हणून जुन्या कव्हरावरचे तिकीट सोडवणे किंवा कडा कापणे म्हणजे पुरावाच फाडणे होय.

साठवणीसाठी पॉलिएस्टरची पाकिटे चांगली, पीव्हीसीची नकोत; कालांतराने ती चिकट होऊन शाई ओढतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत कागदावर पिवळे डाग पडतात, तेव्हा अल्बम कपाटात उभा आणि सैल ठेवावा. टाचणी, स्टेपल, चिकटपट्टी यांना पूर्ण मनाई.

७ डिसेंबर १९४१ या पर्ल हार्बर हल्ल्याच्या तारखेचे, तिथे बुडालेल्या ‘अ‍ॅरिझोना’चे कव्हर समोर आले तर खरेदीआधी खरेपणाची तज्ज्ञ-तपासणी करून घ्यावी. शिक्क्याचा प्रकार, अक्षरांचे वळण आणि शाई त्याच जहाजाच्या त्याआधीच्या महिन्यांतल्या कव्हरांशी ताडून पाहतात. तिकीट त्या तारखेनंतर निघालेले असेल, तर पुढे तपासायलाच नको.