लाँगआर्म शिवणीसाठी गोधडीची तयारी (सोलापूर)

तुकडे जोडून झालेले गोधडीचे तोंड (वरचा थर), तिचे अस्तर आणि मधला भर हे तीन थर व्यावसायिक लाँगआर्म यंत्रावर शिवायला देण्यापूर्वी घरी करावयाचे काम. धुणे, इस्त्री, मापे घेणे, अस्तर जोडणे आणि सुटे दोरे कापणे एवढाच त्याचा पसारा. पण गोधडी सपाट बसणार की चुण्या पडणार, हे बहुतेक इथेच ठरते. सोलापूर जिल्ह्यात वाकळ (अक्कलकोटकडच्या कानडी घरांत कौदी) हाताने शिवण्याची रीत जुनी आहे. त्या हातांच्या काही सवयी या तयारीत कामी येतात, काही मात्र नेमक्या आड येतात.

साध्या शिवणयंत्रात कापड सुईखालून सरकते. लाँगआर्ममध्ये गोधडी चौकटीवर ताणलेली राहते आणि यंत्राचे डोके चाकांवरून तिच्यावर फिरते. सुईपासून मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा घरगुती यंत्रात वीतभर, तर इथे साधारण १८ ते ३० इंच असते. चौकट ८, १० किंवा १२ फूट लांब. अस्तराची दोन टोके दोन रोलरांवरच्या जाड पट्ट्यांना टाचतात, बाजूंना चिमटे लावून ताण देतात, त्यावर भर आणि भरावर तोंड पसरतात. शिवून झालेला पट्टा एका रोलरवर गुंडाळला जातो आणि नवा पुढे येतो. मागावर ताणा (उभे धागे) एका बीमवरून सुटतो आणि विणलेले कापड दुसऱ्यावर गुंडाळले जाते, तसाच हा प्रकार. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. १९८० च्या दशकापासून अमेरिकेत हा व्यवसाय म्हणून रुळला: तोंड घरी जोडायचे, शिवण बाहेरून करून घ्यायची.

वाकळ शिवताना जमिनीवर लुगडी अंथरतात, थरावर थर लावतात, कडा आत दुमडतात, कच्चे टाके घालून सगळे पक्के धरतात आणि मग धावदोरा सुरू करतात. लाँगआर्मसाठी यातले काहीच करायचे नसते. तिन्ही थर सुटेच द्यायचे, कारण यंत्रावर ते वेगवेगळे चढतात. टाचून, कच्चे टाके घालून किंवा कडेला गोट लावून नेलेली गोधडी आधी उसवावी लागते, आणि उसवण्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. दुसरा फरक अधिक खोल आहे. हाताने शिवणारी बाई जिथे झोळ दिसेल तिथे दोन बोटांनी तो सारून घेते, टाका लहानमोठा करते आणि वाकडे तोंडही सरळ बसवते. चौकटीला अशी सवलत देता येत नाही. तोंडात जितके जास्तीचे कापड असेल तितके ते सुईपुढे लोटले जाते आणि कुठेतरी चुणी होऊन शिवले जाते.

तयारीत सगळ्यात जास्त गफलत अस्तरात होते. ते तोंडापेक्षा प्रत्येक बाजूला किमान ४ इंच मोठे हवे. म्हणजे लांबीत ८ आणि रुंदीत ८ इंच जास्त. पट्ट्यांना टाचायला आणि चिमट्यांना धरायला हीच जागा लागते. ६० × ९० इंची तोंडाला ६८ × ९८ इंची अस्तर लागेल, आणि एवढ्या पन्ह्याचे सुती कापड दुकानात सहसा मिळत नाही, तेव्हा जोड आलाच. ४४ इंच पन्ह्याचे कापड घेतल्यास ९८ इंचांचे दोन पट्टे लांबीच्या बाजूने जोडावेत. त्याला जवळपास ५ मीटर कापड लागते. आटणे आणि कडा सरळ करणे धरून साडेपाच मीटर घेणे शहाणपणाचे. ३६ इंच पन्ह्याच्या मांजरपाटातही हिशोब कागदावर बसतो, पण काठ आणि शिवण वजा जाऊन सत्तरच इंच उरतात आणि धुतल्यावर तेही कमी होतात. तो मोह टाळलेला बरा.

जोडाच्या जागचे काठ आधी कापून टाकावेत. काठाची वीण घट्ट असते, ती धुण्यात वेगळी आटते आणि जोडाजवळ कापड ओढले जाते. जोडशिवण अर्धा इंच आत घ्यावी आणि इस्त्रीने दोन्हीकडे उघडून सपाट करावी. हा जोड रोलरांना समांतर राहिला तर उत्तम. तो उभा आला की गुंडाळताना दुहेरी कापड एकाच जागी थरावर थर साचते, तिथे ताण वाढतो आणि दोन्ही बाजू सैल पडतात. वरच्या उदाहरणात गोधडी आडवी चढवली, म्हणजे ९० इंचांची बाजू रोलरच्या दिशेने ठेवली, की जोड आपोआप समांतर येतो. शिवाय अस्तर गुण्यात हवे, म्हणजे चारही कोपरे काटकोनात. सुती कापडाला कात्रीने खूण करून ते धाग्याच्या रेषेत फाडण्याची कापडवाल्यांची पद्धत इथे कात्रीपेक्षा भरवशाची ठरते.

सोलापुरात अस्तराला सोलापुरी चादरच लावावी, अशी कल्पना हमखास निघते. जकार्डवर विणलेली, भौगोलिक निर्देशन मिळालेली ही चादर दिसायला देखणी असते. पण सिंगल चादर बहुधा ६० × ९० इंचांच्या आसपास असल्याने त्याच मापाच्या तोंडाखाली चिमट्यांसाठी एक इंचही उरत नाही. शिवाय ती मुळात जाड, आणि नक्षीची चौकट तोंडाशी काटेकोर जुळवणे चौकटीवर जवळपास अशक्य. थोडी तिरकी बसली तरी मागून लगेच दिसते. चादर चादर म्हणूनच वापरावी, हे बरे.

तोंडाच्या बाबतीत मुख्य दुखणे कडेने जोडलेल्या बाहेरच्या पट्टीचे. लांब पट्टी घ्यायची, कडेला शिवत जायचे आणि उरलेली कापून टाकायची, असे केले की यंत्र खालचे-वरचे कापड कमीजास्त ओढते आणि पट्टीला लाटा येतात. त्याऐवजी तोंडाचे माप मध्यावर आणि दोन्ही कडांजवळ अशा तीन ठिकाणी घ्यावे, त्यांची सरासरी काढावी, तेवढीच पट्टी कापावी आणि मध्य व टोके टाचून मगच शिवावी. बाहेरच्या पट्टीशिवायच्या तोंडाला कडेपासून इंचाच्या आठव्या भागाइतकी आत एक साधी शिवण मारली की जोड उसवत नाहीत. इस्त्री दाबून करावी, ओढून नव्हे. तिरक्या धाग्याचे तुकडे ओढले की ताणतात. आठ टोके एका बिंदूत मिळणारा तारा असेल तर मागची शिवण पाकळ्यांसारखी फिरवून सपाट करावी, नाहीतर त्या गाठीवर सुई मोडते. मागचे लोंबते दोरे कापणे कंटाळवाणे आहे, पण फिक्या कापडाखाली राहिलेला काळा दोरा शिवल्यानंतर काढता येत नाही.

भरासाठी पिंजाऱ्याकडचा पिंजलेला कापूस चालत नाही. रजईत तो हाताने सारखा पसरता येतो; चौकटीवर मात्र एकसंध थर हवा, म्हणून सुती किंवा पॉलिएस्टरची सलग वॅडिंग घेतात. तीही अस्तराइतकीच वाढीव असावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात पातळ सुती भर बरा. पॉलिएस्टरचा जाड भर फोटोत छान फुगतो, अंगावर मात्र उकडतो. भराच्या वेष्टनावर दोन शिवणींमधले जास्तीत जास्त अंतर छापलेले असते. नक्षी निवडताना ते पाहावे, कारण त्याहून विरळ शिवण घेतल्यास धुण्यात भर गोळा होतो.

आजीच्या लुगड्यांची तोंडे हा स्वतंत्र विषय आहे. विरलेल्या इरकलीला चौकटीचा ताण सोसत नाही; मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) चिकटवून ती वापरावी. गडद लाल, काळ्या आणि निळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके घासून पाहावे. रंग उतरला तर जोडण्याआधीच ते कापड धुवून घ्यावे. यंत्रमागाच्या कोऱ्या कापडात खळ असते, तेही आधी धुवावे, म्हणजे पुढची आट आधीच निघून जाते. जोडलेले तोंड मात्र सहसा धुवू नये, कडा विस्कटतात. बंजारा भरतकामातले आरसे, कवड्या, बटणे, टिकल्या असे सगळे शिवण झाल्यावर लावायचे; सुई त्यावर आपटली तर कवडी फुटते आणि यंत्राचेही नुकसान होते. पूर्वी शिवलेली जुनी वाकळ लाँगआर्मवर देऊ नये. थर सुटे नसल्यामुळे ती नीट चढत नाही, आणि तिचा धावदोरा झाकून मिळवायचे तरी काय?

देताना तोंडाची आणि अस्तराची वरची बाजू चिठ्ठीने दाखवावी, टाचण्या एकूण एक काढाव्यात आणि घड्या मोठ्या ठेवाव्यात. सलग एकच नक्षी कडेपासून कडेपर्यंत घेणे स्वस्त पडते. प्रत्येक चौकोनाला वेगळी नक्षी म्हणजे जास्त वेळ आणि जास्त पैसे. दोऱ्याचा रंग खालून-वरून सारखा ठेवला तर ताणातला लहानसा फरक दिसून येत नाही. पार्सलने पाठवायची असल्यास प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग खोक्यात ठेवावी, आणि मापे लिहिलेला कागद आत टाकावा. परत आलेल्या गोधडीचे वाढीव अस्तर आणि भर तोंडाच्या कडेला जुळवून गुण्याने कापायचे. गोट त्यानंतर लावतात.