अवघड गेमची गोडी कुठून येते?

सांगलीत एका शाळेच्या पालकसभेत पाहुण्या वक्त्यांनी पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र लावलं आणि सांगितलं की गेम खेळताना मुलांच्या मेंदूत डोपामिनचा पूर येतो, डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, म्हणून पोरं गेम सोडत नाहीत. पालकांनी माना डोलावल्या. मला मात्र प्रश्न पडला. पोरं ज्या गेमपायी जेवणाचं ताट थंड करतात, त्यात ती बहुतेक वेळ मारच खात असतात. मग आनंद आला कुठून? ‘एल्डन रिंग’ हा गेम फेब्रुवारी 2022 मध्ये आला. अवघडपणासाठीच त्याचं नाव आहे, तरी पहिल्या वर्षभरात त्याच्या 2 कोटींहून जास्त प्रती खपल्या. एवढी माणसं पदरचे पैसे मोजून मार खातात, याचा खुलासा ‘आनंदाचं रसायन’ एवढ्यानं होत नाही.

आधी त्या रसायनाचं बघू. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. तोंडात साखरपाणी सोडलं की ते उंदीर तरीही पूर्वीसारखेच मिटक्या मारत. गोडी शाबूत होती. उठून अन्नापर्यंत जायची ओढ तेवढी गेली होती. तेव्हा डोपामिनचं नातं ‘आवडण्या’पेक्षा ‘हवं असण्या’शी जास्त. दोन दिवस फोन बंद ठेवून ‘डोपामिन उपवास’ करायचं जे खूळ सध्या फिरतंय, त्यालाही इथंच उत्तर मिळतं. फोन बाजूला ठेवा, झोप सुधारेल. पण डोपामिनचा खरोखर उपवास घडला तर माणसाला धड हालचालही करता येणार नाही, पार्किन्सनच्या रुग्णांना विचारा. आणि सोमवारी फोन हातात आला की एकादशी दुप्पट खाशी, ते वेगळंच.

आता माझ्या आवडीचा भाग. वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युतसंकेत मोजत होते. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात कडकडायच्या. मग त्यांनी रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. थोड्या सरावानंतर पेशी दिवा लागताच कडकडू लागल्या आणि रस मिळताना गप्प राहू लागल्या. रस तोच, माकड तेच. नवलाई संपली होती. पुढची गंमत अशी की दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचा नेहमीचा ठोकाही खाली जायचा. म्हणजे मेंदू ‘काय मिळणार’ एवढाच अंदाज बांधत नाही, ‘केव्हा’ याचंही घड्याळ लावून बसतो, आणि डोपामिन त्या अंदाजातली चूक कळवतं. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी 1997 मध्ये हे सूत्रात मांडलं.

सूत्राचा गाभा त्याहून जुना, रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांचा, 1972 चा. अपेक्षा शून्य धरा, बक्षिसाची किंमत 1. दर वेळी मिळालेलं आणि अपेक्षिलेलं यांतला फरक काढायचा आणि त्याचा, समजा, पाचवा हिस्सा अपेक्षेत मिळवायचा. पहिल्यांदा फरक 1, म्हणून अपेक्षा 0.2 होते. दुसऱ्यांदा फरक 0.8, अपेक्षा 0.36. तिसऱ्यांदा फरक 0.64, अपेक्षा 0.488. अपेक्षा चढत जाते, नवलाई उतरत जाते. दर वेळी जिंकून देणारा गेम कंटाळवाणा का होतो, ते या तीन ओळींत आहे.

आता जिंकायची शक्यता 10 पैकी 9 असेल तर? अपेक्षा 0.9 च्या आसपास स्थिरावते, जिंकल्यावरचा फरक जेमतेम 0.1, हरल्यावरचा उणे 0.9. अधिक-उण्यांनी एकमेकांना खाऊ नये म्हणून फरकांचे वर्ग करून सरासरी काढली तर 0.09 येते. शक्यता निम्मी-निम्मी असेल तर 0.25, आणि याहून जास्त ती कधीच येत नाही. 2003 मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाला माकडांत दिसलं की इशारा आणि बक्षीस यांच्या मधल्या वेळात डोपामिन पेशींची हालचाल हळूहळू चढत जाते, आणि शक्यता 50 टक्के असताना ती सर्वांत जास्त चढते.

आकडेमोडीत दमला असाल तर कुस्तीच्या मैदानात चला. कुंडलच्या मैदानात जोड लावताना जाणती मंडळी वजन बघतात, तालीम बघतात, आधीच्या कुस्त्या आठवतात. जोड एकतर्फी लागली आणि पैलवान दोन मिनिटांत चितपट झाला, तर लोक भज्यांच्या गाड्याकडे वळतात. तुल्यबळ जोडीला बसलेला माणूस उठत नाही. ऑनलाइन गेममध्ये ही जोड गणित लावतं, आणि त्याची मूळ कल्पना बुद्धिबळातली आहे. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांमुळे सांगलीकरांना रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, नवं नाही. आर्पाद एलो यांच्या पद्धतीत दोघांचं रेटिंग सारखं असेल तर अपेक्षा निम्म्या गुणाची, 200 चा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून 0.76 गुणाची.

पण निम्मी शक्यता हेच सगळं असतं तर नाणेफेक हा जगातला सर्वांत रंगतदार खेळ ठरला असता. नाण्यात शिकण्यासारखं काही नसतं, हजार वेळा उडवलं तरी अंदाज सुधारत नाही. गोडीसाठी चूक हवी आणि ती कमीही होत जायला हवी.

विश्रामबागला राहणारा, इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या ‘एल्डन रिंग’मधल्या मार्गिट नावाच्या राक्षसाशी लढत होता, तेव्हा शेजारी बसून मी हे पाहिलं. मार्गिट काठी डोक्यावर उचलतो आणि हात तसाच धरून ठेवतो. आपल्या अंगातलं घड्याळ म्हणतं, आता पडली! पोरगं बटण दाबून बाजूला लोळतं, उठतं, आणि तेव्हा काठी खाली येते. बनवणाऱ्यांनी हा उशीर मुद्दाम घातलाय. शुल्ट्झच्या माकडाचा रस चुकला तसा इथं क्षण चुकतो. मी म्हटलं, ‘‘मारलं की रे त्यानं.’’ तर म्हणतो, ‘‘नाय ओ काका, मीच रोल आधी मारला.’’ पुढच्या खेपेला त्याची नजर काठीवरून राक्षसाच्या खांद्याकडे सरकली होती. मेला तेव्हाही, पण उशिरा मेला.

फिनलंडमध्ये निक्लास रावाया आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याच गोष्टीला इलेक्ट्रोड लावले. गालावरचा हसण्याचा स्नायू आणि भुवईवरचा आठी पाडणारा स्नायू मोजत त्यांनी तरुणांना ‘सुपर मंकी बॉल 2’ खेळायला दिला. त्यात गोळ्यात बसलेलं माकड कडेवरून खाली पडतं. माकड पडलं की खेळणाऱ्याच्या गालाचा स्नायू चढायचा आणि भुवई सैल व्हायची, म्हणजे हरताना चेहरा हसरा! लगेच तोच प्रसंग रिप्ले म्हणून दाखवला की उलट व्हायचं. माझ्या मते फरक सुकाणूचा आहे. खेळताना पडणं आपल्या हातून झालेलं असतं. रिप्लेमध्ये फक्त बघत बसायचं.

इथंच जुगाराचा धंदा घुसतो. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं की स्लॉट मशीनमध्ये, म्हणजे चित्रं जुळली की पैसे देणाऱ्या जुगाराच्या यंत्रात, ‘थोडक्यात हुकलं’ असं झालं की मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे भाग जागे होतात आणि पुन्हा खेळावंसं वाटतं. मार्गिटसमोर थोडक्यात हुकणं ही खरी बातमी असते, पुढच्या वेळी ती कामी येते. मशीनमध्ये ती निव्वळ थाप, कारण पुढचा डाव मागच्याशी बांधलेलाच नसतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. पालकसभेत या दोन प्रकारांना एकाच माळेचे मणी करून टाकलं, ते मला खटकलं.

अर्थात मार खाण्याची हौस सगळ्यांना नसते. डेरेक लोमस आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये संख्यारेषा शिकवणाऱ्या एका ऑनलाइन गेमच्या सोप्या-अवघड आवृत्त्या हजारो खेळाडूंना वाटून दिल्या. मधला अवघडपणा जिंकेल असा त्यांचा होरा होता. झालं उलटंच, गेम जितका सोपा तितकी मुलं जास्त वेळ टिकली. ‘एल्डन रिंग’ विकत घेणारा मुळात झुंजायच्या तयारीनंच आलेला असतो. या मुलांनी तसं काही ठरवलेलं नव्हतं. त्याच पुतण्याची आई रोज झोपण्याआधी मोबाईलवर पत्त्यांचा डाव लावते, आणि अवघड लागला की सरळ नवा मागते.