अफगाणिस्तानातील हिंदू व शीख

अफगाणिस्तानातील एक अल्पसंख्य समाज. वस्ती पूर्वी मुख्यतः काबूल, जलालाबाद, गझनी, खोस्त व कंदाहार येथे होती; आता फार थोडे लोक उरले आहेत. बहुसंख्य कुटुंबे खत्री व अरोडा या व्यापारी जातींची. व्यवसाय कापड, वनौषधी, सराफी. घरात पंजाबी किंवा तिला जवळची हिंदको, बाजारात दरी (अफगाणी फारसी) वा पश्तो. दोन्ही धर्मांचे लोक एकमेकांच्या देवळांत व गुरुद्वारांत जात आले आहेत.

मूळ : या समाजाच्या मुळाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार हे मुलतान, शिकारपूर व पंजाबातून आलेल्या व्यापाऱ्यांचे वंशज असून त्यांची वस्ती दुर्रानी घराण्याच्या काळात (अठराव्या शतकापासून) वाढली. दुसऱ्या मतानुसार त्यांतील निदान काही घराणी धर्मांतर न केलेल्या मूळ रहिवाशांची असावीत. काबूलवर हिंदू शाहींचे राज्य नवव्या शतकात होते. काबूल हातचे गेल्यावर त्यांची राजधानी सिंधूकाठच्या उदभांडपुरास हलली आणि अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात गझनीच्या महमुदापुढे ते राज्य संपले. शाहींपासून आजच्या कुटुंबांपर्यंत अखंड वंशपरंपरा दाखवणारा लेखी पुरावा नाही. तरीही सर्वांनाच व्यापारी स्थलांतरित ठरवणे पुराव्याला धरून वाटत नाही.

या प्रदेशात प्राचीन काळीही हिंदू उपासना होती याचा पुरावा म्हणून या चर्चेत पूर्व अफगाणिस्तानातील गर्देझ येथील संगमरवरी गणेशमूर्ती महत्त्वाची आहे. देव उभा, अंगाने पीळदार, गळ्यात सर्पाचे यज्ञोपवीत, कमरेला सिंहमुखाचे कातडे. पीठावरील लेखात तिला ‘महाविनायक’ म्हटले असून शाही खिंगल या राजाने आपल्या आठव्या राज्यवर्षी ती स्थापल्याचे नमूद आहे. हा खिंगल कोण, यावर कालनिर्णय अवलंबून आहे. काहींनी तो हूण राजा मानून मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकात नेली. लिपीचे वळण उत्तरकालीन असल्याने इतर अभ्यासक सातवे-आठवे शतक सुचवतात व ते अधिक संभवनीय दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर यांनीही ही मूर्ती व काबूलच्या उत्तरेकडील शकरदरा येथील दुसरी गणेशमूर्ती यांवर लिहिले आहे. पुढे काबूलमधील हिंदू पीर रतननाथ दर्गा या हिंदू देवस्थानात गर्देझच्या मूर्तीची पूजा करीत.

इतिहास : गुरू नानक सोळाव्या शतकाच्या आरंभी काबूलला आल्याची परंपरा आहे. अफगाण राजा अमानुल्लाच्या कारकिर्दीत (१९१९–२९) जिझिया (मुस्लिमेतरांवरील कर) व वेगळ्या रंगाच्या पगडीची सक्ती उठली. दिवाण निरंजनदास यांच्याकडे अर्थखाते होते. १९७०च्या दशकातील लोकसंख्येचे अंदाज फार भिन्न असून दोन लाखांचा नेहमी दिला जाणारा आकडा सावधपणे घ्यावा.

छळ व स्थलांतर : १९९२ मध्ये मुजाहिदीन गटांनी काबूल घेतल्यावर लूट, अपहरणे व घरे-जमिनी बळकावण्याचे प्रकार वाढले आणि बहुतांश समाज देश सोडून गेला. मे २००१ मध्ये तालिबानने हिंदूंनी ओळखीसाठी पिवळे चिन्ह वापरावे असे ठरवले. अमानुल्लाने उठवलेला अपमान असा परत आला. २००१ नंतर संसदेत प्रतिनिधित्व मिळाले, पण रोजचा जाच थांबला नाही. काबूलमधील ‘कलाचा’ या भागातील स्मशानभूमीत आजूबाजूचे रहिवासी अंत्यविधीला विरोध करीत, प्रेतयात्रेवर दगडही पडत. मृताला अग्नी देण्यासाठी पोलीस बंदोबस्त मागावा लागणे, ही या समाजाची सर्वांत खोल जखम म्हणावी लागेल. मुलांना शाळेत चिडवले जाई, म्हणून अनेक पालक त्यांना गुरुद्वारातील वर्गांतच पाठवीत.

१ जुलै २०१८ रोजी जलालाबादेत आत्मघातकी स्फोटात १९ जण ठार झाले. त्यांत निवडणुकीतील शीख उमेदवार अवतारसिंग खालसा होते. २५ मार्च २०२० रोजी काबूलच्या शोर बाजारातील गुरुद्वारावरील हल्ल्यात २५ भाविक मारले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीही जवळ स्फोट झाला. १८ जून २०२२ रोजी कार्ते परवान गुरुद्वारावर हल्ला झाला. तिन्हींची जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर परतल्यानंतर उरलेल्यांपैकी बहुतेकांना भारतात आणले गेले. दिल्लीतील टिळकनगर परिसरात व लंडनच्या साउथॉलमध्ये त्यांच्या वस्त्या आहेत. भारताच्या २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची मुदत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरती असल्याने, या हल्ल्यांनंतर प्रथमच भारतात आलेली कुटुंबे त्याच्या कक्षेबाहेर आहेत.