पार्श्वभूमी : धर्मादाय रुग्णालयातल्या 'निर्धन' रुग्णाचं बिल नेमकं कोण भरतं?

'आयपीएफमध्ये बसतंय का बघा.' महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरजवळ तासभर थांबलं तर हे वाक्य कानावर पडतंच. आयपीएफ म्हणजे निर्धन रुग्ण निधी. त्याचं उत्तर बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं : 'खाट शिल्लक नाही' किंवा 'फंड संपला'. ही दोन उत्तरं सारखी वाटली तरी वेगवेगळ्या काळातून आलेली आहेत. पहिलं कायद्यातून आलं आणि दुसरं वीसेक वर्षांनी न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेतून. सगळा गुंता या दोहोंच्या मधल्या फटीत आहे.

जुना भाग थोडक्यात. १८४५ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालय उभं राहिलं ते देणगी आणि सरकारी पैसा एकत्र येऊन. पुढची शंभर वर्षं मोठी रुग्णालयं साधारण याच वाटेने आली. शेटजींचं नाव दारावर, गरिबांना औषध फुकट, आणि थोडी बरी खोली हवी असेल तर पैसे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने या संस्थांना एका छत्राखाली आणलं. तिथेच एक बारीक गोष्ट झाली, जी पुढे महागात पडली. कायद्यातल्या धर्मादाय हेतूंच्या यादीत 'गरिबी किंवा आपत्तीचं निवारण' हा एक हेतू आहे आणि 'वैद्यकीय साहाय्य' हा त्याहून वेगळा, स्वतंत्र हेतू आहे. म्हणजे रुग्णालय चालवणं हेच धर्मादाय काम ठरलं. रुग्ण गरीब असलाच पाहिजे असं नाही. पूर्ण दराने बिल घेणारं रुग्णालयही त्यामुळे कायद्याने 'धर्मादाय'च असतं. फलकावर 'धर्मादाय' असं ठळक लिहा, अशा सूचना वारंवार निघतात खऱ्या, पण त्या शब्दाचा अर्थ फुकट असा कधीच नव्हता.

मग गरिबांसाठीची अट कुठून आली? ती सवलतींच्या बदल्यात आली. प्राप्तिकरातून सूट, कमी भाड्याने जमीन, वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे जादा बांधकामाची परवानगी), आयात यंत्रांवर सीमाशुल्क माफ, अशी ती यादी. सीमाशुल्काचं उदाहरण बोलकं आहे. १९८८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार यंत्रं शुल्काविना आणायची तर बाह्यरुग्ण विभागातल्या किमान ४० टक्के रुग्णांवर मोफत उपचार करायचे, आणि महिना ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबातल्या रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखायच्या. सीटी स्कॅनची यंत्रं आली. ४० टक्क्यांचा हिशेब मागायला मात्र फारसं कुणी आलं नाही, आणि आलं तेव्हा प्रकरणं कोर्टात गेली.

राज्यातही त्याच सुमारास, १९८० च्या दशकाच्या मध्यात, विश्वस्त कायद्यात कलम ४१ एए घातलं गेलं. सरकारी अनुदान किंवा सवलत घेणाऱ्या आणि वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त खर्च असणाऱ्या विश्वस्त रुग्णालयांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के कमी उत्पन्न गटासाठी सवलतीत ठेवायला सांगण्याचा अधिकार विश्वस्त संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांना मिळाला. कलमाचं मोजमाप खाटांचं आहे, हे लक्षात ठेवायचं. पैशाचा उल्लेख संस्थेच्या खर्चाच्या मर्यादेपुरता आणि रुग्णाच्या उत्पन्नापुरता.

हे कलम जवळजवळ दोन दशकं बहुतांशी कागदावर राहिलं. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली, समिती नेमली गेली आणि १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने एक योजना मान्य होऊन १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. आज जे काही चालतं ते या योजनेवर चालतं, आणि ज्याच्यावरून भांडण होतं तेही तिच्यातच आहे.

योजनेने कार्यरत खाटांचे १० अधिक १० टक्के कायम ठेवले. शिवाय सांगितलं की प्रत्येक रुग्णालयाने निर्धन (मोफत खाटांचे) व दुर्बल घटकांतले (सवलतीच्या खाटांचे) रुग्ण सोडून बाकी सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम, कसलीही वजावट न करता, निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात जमा करायची. गरिबांचं बिल या खात्यात खर्ची पडणार. कायदा खाटांत बोलत होता, योजनेने त्याला रुपयांची भाषा जोडली. आणि या दोन मापांचा एकमेकांशी मेळच बसत नाही.

कागद-पेन्सिल घेऊन बघू. समजा २०० खाटांचं रुग्णालय आहे आणि वर्षाचं एकूण बिल ६० कोटी आहे. २ टक्के म्हणजे १ कोटी २० लाख, महिन्याला १० लाख. मोफत खाटा २०. त्या वर्षभर भरलेल्या राहिल्या तर ७,३०० खाट-दिवस होतात. भागाकार केला की एका खाटेला दिवसाला सुमारे १,६४० रुपये येतात. सवलतीच्या २० खाटांचा भारही याच खात्यावर आहे. तोही पूर्ण धरला तर आकडा निम्म्यावर, ८२० च्या आसपास येतो. याच रुग्णालयाचं सरासरी बिल खाटेमागे दिवसाला ८,२०० रुपये पडतंय. म्हणजे १० टक्के खाटा खरोखर भरल्या तर २ टक्के पुरणं अवघड आहे, आणि २ टक्क्यांतच भागवायचं तर त्या १० टक्क्यांतल्या बऱ्याच खाटा रिकाम्या ठेवाव्या लागतात.

रुग्णालयांच्या बाजूने हे गणित थोडं सुधारतं, कारण सगळंच निधीवर पडत नाही. खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, चादरी, वीज-पाणी, रुग्णालय देत असेल तर जेवण, आणि नेहमीच्या तपासण्या या गोष्टी योजनेत 'बिल न लावायच्या सेवा' आहेत. त्या फुकटच द्यायच्या. निधीला लागतं ते शस्त्रक्रियेचं शुल्क, विशेष तपासण्या, औषधं, वापरून टाकायचं साहित्य आणि इम्प्लांट. त्यातही दोन अटी आहेत. सेवांचा दर रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाचा, म्हणजे जनरल वॉर्डचा लावायचा. औषधं, साहित्य आणि इम्प्लांट छापील किमतीला लावायचे नाहीत, रुग्णालयाने ज्या किमतीला घेतले त्या किमतीला लावायचे. डॉक्टरने आपली फी सोडली तर ती बिलात धरायचीच नाही. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधं, साहित्य आणि इम्प्लांटच्या खर्चाचा किमान अर्धा वाटा स्वतः भरायचा.

निधी लवकर आटतो तो बऱ्याचदा या अटींपाशी. खरेदी किंमत आणि छापील किंमत यांत किती अंतर असू शकतं, ते २०१७ च्या फेब्रुवारीत सगळ्यांना दिसलं. त्या महिन्यात केंद्राने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, किमतीवर मर्यादा घातली : साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. तोवर औषधी स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजणारे रुग्ण होते. निधीचं बिल तपासताना म्हणून पहिली नजर साहित्याच्या ओळींवर टाकावी. सिरिंज, कॅथेटर, हातमोजे, टाक्याचा दोरा यांच्यापुढे छापील किंमत दिसली की समजावं, निधीतून रुग्णालयाचा नफाही वसूल होतोय. दुसरी जागा जमेच्या बाजूला आहे. औषधांचं दुकान बाहेरच्या ठेकेदाराला दिलं असेल, किंवा तज्ज्ञ डॉक्टर आपली पावती वेगळी फाडत असतील, तर ती रक्कम 'एकूण बिला'त धरली जाते का? नाही धरली तर २ टक्के मुळातच छोट्या आकड्यावर निघतात. 'वजावट न करता' हे शब्द योजनेत त्यासाठीच आहेत.

खरा वाद मात्र या २ टक्क्यांना कमाल मानायचं की किमान, हा आहे. रुग्णालयांचं म्हणणं : निधी संपला की बंधन संपलं, पुढच्या रुग्णाचा खर्च आम्ही कुठून करायचा? रुग्णहक्कवाल्यांचं म्हणणं : बंधन खाटांचं आहे, निधी हे फक्त ते पाळायचं साधन आहे. योजनेचा मजकूर दुसऱ्या बाजूकडे झुकतो असंच म्हणावं लागेल, कारण खर्च जमेपेक्षा वाढला तर रुग्णालयाने देखरेख समितीकडे जावं, अशी सोय तिथे आहे. 'उपचार थांबवा' असं नाही. पण व्यवहारात पहिलाच अर्थ रुळला. त्याचं कारणही सरळ आहे : रुपयांचा हिशेब महिन्याच्या महिन्याला लिहून देता येतो, रिकाम्या खाटेचा पुरावा दुसऱ्या दिवशी उरत नाही.

आणि हे २ टक्के नक्की कुणाचे? योजनेच्या भाषेत रुग्णालयाचे. पण दर ठरवतानाच ते धरले जातात, म्हणजे शेजारच्या सेमी-प्रायव्हेट खोलीतला रुग्ण किंवा त्याची विमा कंपनी ते भरत असते. विश्वस्त संस्थेला मिळालेल्या जमिनीचा आणि करमाफीचा मोबदला कोण देतं, हा मूळ प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहिला. दिल्लीत याच प्रश्नाला वेगळं उत्तर मिळालं. तिथे जमीन सवलतीत घेतलेल्या रुग्णालयांनी आंतररुग्ण विभागात १० टक्के आणि बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के गरीब रुग्ण मोफत पाहायचे, आणि २०१८ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ही अट उचलून धरली. तिथलं माप रुग्णांचं आहे, निधीचं नाही.

आता 'निर्धन' कोण? २००६ मध्ये वर्षाला २५,००० पर्यंत उत्पन्न असलेला निर्धन आणि ५०,००० पर्यंतचा दुर्बल घटक होता. २५,००० म्हणजे दिवसाला ६८ रुपये. पुढे मर्यादा वाढत ८५,००० आणि १,६०,००० झाली. सध्या ती १,८०,००० आणि ३,६०,००० आहे. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड. इथे एक मजेशीर विसंगती आहे. रेशनकार्डांचे तीन रंग १९९९ पासूनचे : पिवळं १५,००० पर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, त्यावर पांढरं. उत्पन्न दीड लाख असलेलं कुटुंब रेशनच्या दुकानात पांढऱ्या कार्डाचं, म्हणजे 'सधन', आणि रुग्णालयात निर्धन. अशा घरातल्या माणसाने कार्ड दाखवलं तर काउंटरवरून परत पाठवलं जातं. त्याने तहसीलदाराचा चालू वर्षाचा दाखलाच आणायला हवा, आणि हा दाखला माणूस आजारी पडल्यावर काढायला गेलं तर बरेच दिवस मोडतात. अर्ज रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे द्यायचा, तोही दाखल होतानाच. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिल छापून झाल्यावर अर्ज घेऊन गेलं की हाती पडते ती 'सवलत', म्हणजे कुणाच्या तरी मर्जीने बिलाच्या तळाला कापलेली रक्कम. निधीतला हक्क वेगळा आणि ही सवलत वेगळी. पावतीवर कोणता शब्द आहे ते बघावं.

अनामतीचंही तसंच. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका रुग्णालयावर दाखल करून घेण्याआधी अनामत मागितल्याचा आरोप झाल्यानंतर 'डिपॉझिट' हा शब्द राज्यभर गाजला आणि तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागू नका, असे आदेश निघाले. तो नियम नवा नव्हता. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यावं, तो स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यावेत आणि अनामत मागू नये, हे २००६ च्या योजनेतच आहे. २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी तर आगाऊ पैसे न मागता जीवरक्षक प्रथमोपचार देण्याचं बंधन धर्मादाय नसलेल्या रुग्णालयांवरही घातलं. पण 'तातडी' आहे की नाही, हे ठरवतो अपघात विभागातला डॉक्टर, आणि 'स्थिर' झाला हेही तोच ठरवतो. अनामतीची मागणी येते ती या दोन शब्दांच्या पलीकडे पाऊल पडलं की.

दरम्यान सरकारने तिसरा खिसा आणला. १९९७ ची जीवनदायी योजना छोटी होती. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेलेली राजीव गांधी जीवनदायी योजना मोठी : ९७१ उपचार, कुटुंबाला दीड लाख. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०२० मध्ये तिला केंद्राची आयुष्मान भारत जोडली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून कार्डाचा रंग न पाहता सगळ्यांना पाच लाखांचं कवच आणि तेव्हा १,३५६ उपचार. देशाच्या आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला, त्यामागे अशा योजनाही आहेत.

धर्मादाय रुग्णालयांसाठी याचा अर्थ दुहेरी झाला. जी फुले योजनेत आली, त्यांचा गरीब रुग्ण आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, जातो, पूर्वमंजुरी येते, पॅकेजचे पैसे सरकार देतं, आणि ज्या रुग्णासाठी निधी उभारला तो निधी तेवढा वाचतो. पॅकेजचा दर परवडत नाही म्हणून जी बाहेर राहिली, आणि त्यांत काही मोठी नावं आहेत, तिथे रुग्णापुढे आयपीएफ सोडून दुसरा रस्ता नसतो. एकाच रुग्णाचं पॅकेजपलीकडचं साहित्य निधीतून द्यायचं की नातेवाइकांकडून घ्यायचं, याचा निर्णय आजही बहुतेक ठिकाणी बिलिंगच्या खिडकीत होतो. मोफत खाटा किती शिल्लक, हे आता ऑनलाइन दिसतं. त्या खाटेवरच्या रुग्णासाठी खात्यात किती पैसे आहेत, हे काउंटरवर विचारावं लागतं.