ससा पाण्याने मरत नाही, आतडं थांबल्याने मरतो

ससा विकणारा एक सूचना हमखास देतो: "पाणी नका देऊ हं, पाणी प्यायला की जातो." मग घरी आलेल्या सशापुढे गाजर येतं, काकडी येते, कोबीची पानं येतात, लाडाने मारी बिस्किटही येतं. पाण्याची वाटी तेवढी येत नाही. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी तो खाणं सोडतो, कोपरा धरून बसतो, पोट टम्म होतं आणि दुसऱ्या सकाळी गेलेला असतो. "ससे नाजूकच असतात हो" म्हणून घरचे विषय मिटवतात. ससा नाजूक असतो हे खरं, पण कुठे आणि का, ते समजलं तर यातले कितीतरी ससे वाचतील.

आधी पाण्याचं. निरोगी ससा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो. म्हणजे दोन किलोच्या सशाला १०० ते ३०० मिलिलिटर. हिरवा पाला भरपूर असेल तर कमी, सुकं गवत असेल तर जास्त. मग ही समजूत आली कुठून? माझा अंदाज असा की, बाजारात येणारी पिल्लं बरेचदा आईचं दूध पुरतं सुटायच्या आत विकली जातात. त्या वयात जठरातलं आम्ल पुरेसं तीव्र नसतं, आतड्यातले जिवाणूही नीट वस्तीला आलेले नसतात. त्यात प्रवासाची भीती आणि एकदम पोटात गेलेला ओला पाला. पिल्लाला जुलाब लागतात, मागची बाजू ओली दिसते आणि दोष पाण्यावर जातो.

आता मुख्य गोष्ट, सशाचं आतडं. प्राणिशास्त्रात याच्याइतकी देखणी रचना मला क्वचितच दिसते, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

गवतातलं सेल्युलोज पचवणारं एन्झाइम कोणताही सस्तन प्राणी स्वतः तयार करत नाही. ते काम जिवाणूंकडून करून घ्यावं लागतं. गाय हे जिवाणू पोटाच्या पुढच्या भागात पाळते आणि चारा तिथे तासन् तास कुजवत ठेवते. सशाला ते परवडत नाही. प्राणी लहान, त्यामुळे वजनाच्या मानाने ऊर्जेची गरज मोठी, आणि मागे सतत कोणीतरी शिकारी लागलेला. भरलेलं जड पोट घेऊन त्याला पळता येणार नाही. म्हणून तो जिवाणू मागच्या बाजूला ठेवतो. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे एका टोकाला बंद असलेली मोठी पिशवी असते. हे अंधनाल. पचनमार्गातला जवळजवळ ४० टक्के ऐवज एकट्या या पिशवीत असतो.

पण पिशवीत सगळंच भरलं तर ती चोथ्यानेच भरून जाईल. म्हणून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात निवड होते. या भागाच्या भिंतीला बाहेरून स्नायूंचे पट्टे आणि त्यांच्यामधे फुगीर कप्पे असतात. आतडं इथे आतल्या मालात पाणी सोडतं. कप्पे आकुंचन पावतात तसा बारीक कण आणि द्रव असलेला भाग भिंतीलगत उलट दिशेने, म्हणजे अंधनालाकडे ढकलला जातो. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठे तंतू मधोमध गोळा होतात आणि सरळ पुढे निघतात. एकाच नळीत, एकाच वेळी, भिंतीलगत मागे आणि मध्यभागी पुढे अशी वाहतूक चालते! याच्या शेवटी जाड स्नायूंचा, मज्जातंतूंच्या पेशींनी गच्च भरलेला काही सेंटिमीटरचा पट्टा असतो, फ्यूसस कोलाय. हा भाग ससा आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांखेरीज कुणाकडे नाही. मोठ्या आतड्याची लय इथून ठरते. चोथा इथे पिळला जातो, मघाशी सोडलेलं पाणी परत शोषलं जातं आणि कोरडी गोल लेंडी तयार होते. ट्रेमधली एक लेंडी उचलून बोटांत चुरडून बघा. आत गवताचे पिवळट, जवळजवळ न पचलेले तुकडे दिसतील, वासही फारसा येणार नाही.

दिवसातून काही वेळा हा सगळा खेळ उलटतो. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी उतरते, प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनांचा प्रभाव वाढतो, कप्प्यांची उलट ढकलाढकल थांबते आणि अंधनालातला आंबलेला लगदा पुढे सरकतो. वाटेत त्यावर श्लेष्माचं, म्हणजे चिकट स्रावाचं, चकचकीत आवरण चढतं. बाहेर येतो तो तुतीच्या फळासारखा काळसर, ओलसर घोस. ससा मान वाकवून तो थेट गुदद्वारातूनच उचलतो आणि गिळतो. शार्ल मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्ये याचं वर्णन केलं. कारण साधं आहे. जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब व के ही जीवनसत्त्वं अंधनालात तयार होतात, पण प्रथिनं पचवून शोषणारं लहान आतडं तर आधीच मागे पडलेलं. म्हणून दुसरी फेरी. आवरणामुळे जठरातल्या आम्लात हा घोस काही तास टिकतो आणि आतले जिवाणू तेवढा वेळ कामही करत राहतात. "आमचा ससा शी खातो, औषध सांगा" म्हणणाऱ्यांना म्हणूनच सांगायचं, खाऊ द्या. हे मऊ घोस तो न खाता जमिनीवर टाकू लागला, की मात्र काळजी करा. आहार फार गोड वा पिठूळ झाला असेल, किंवा लठ्ठपणामुळे त्याची मान तिथवर पोहोचत नसेल.

यातून निघणारी गोष्ट पालकांनी पक्की धरावी. जो लांब तंतू सशाला पचत नाही, ज्यातून त्याला जवळपास काही मिळत नाही, त्याच्याच रेट्यावर आतडं हलतं. ताटातून चोथा काढला आणि बिस्किट, पोळी, भात, गाजर दिलं की हालचाल मंदावते. माल अंधनालात पडून राहतो, साखर आणि स्टार्च तिथवर पोहोचतं, जिवाणूंची वस्ती बदलते आणि वायू धरतो. पोट दुखतं, दुखलं की ससा खात नाही, खाल्लं नाही की आतडं आणखी मंदावतं. पाणीही मिळालं नसेल तर जठरातला गोळा सुकत जातो. याला, म्हणजे पचनमार्ग थंडावण्याला, डॉक्टर जीआय स्टेसिस म्हणतात. सुरुवात आहारानेच होते असंही नाही. वाढलेल्या दाढेचं टोक जिभेला लागणं, दिवाळीचे फटाके, कुत्र्याचं भुंकणं, लांबचा प्रवास, विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, यांतलं काहीही पुरतं. भीती आणि वेदना आतड्याला थांबायचा हुकूम देतात.

मेलेल्या सशाच्या जठरात केसांचा गोळा सापडतो, म्हणून वर्षानुवर्षं केसांनाच दोषी धरलं गेलं. स्वतःला चाटणाऱ्या निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच. बहुतेक वेळा गोळा सुकतो तो आतडं थांबल्यामुळे. अननसाचा रस केस विरघळवतो असं सांगितलं जातं, तेही खोटं. त्यातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम केसातल्या केराटिन या प्रथिनाला विरघळवत नाही, पोटात जाते ती साखर. बेंबीला हिंग लावणं आणि दृष्ट काढणं यांनी सशाचं थेट नुकसान होत नाही, पण त्यात जे चार तास जातात, तेच वाचवायचे होते.

स्टेसिस हळूहळू चढतं. खरा ब्लोट, म्हणजे अडथळ्याने जठर फुगणं, वेगळा आणि फार वेगवान. घट्ट झालेली केसांची गुठळी लहान आतड्याच्या सुरुवातीला अडकते, जठरात द्रव आणि वायू साठत जातो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे सुटकेचा मार्गच उरत नाही. सकाळी ठणठणीत असलेला ससा संध्याकाळपर्यंत थंड पडतो. दोन्हींतला फरक ओळखायला डॉक्टर एक्स-रे काढतात आणि रक्तातली साखरही बघतात. ती डेसिलिटरला ३६० मिलिग्रॅमच्या वर गेली असेल तर अडथळ्याचा दाट संशय घेतात.

घरी लक्ष ठेवायचं ते लेंड्यांवर. त्या आधी लहान होतात, मग वेड्यावाकड्या, मग थांबतात. ससा पाठ वाकवून बसला, पोट जमिनीला दाबतोय, दात करकरा वाजवतोय, आवडीची कोथिंबीरही हुंगून सोडतोय, आणि दहा-बारा तासांत एकही लेंडी नाही, तर सकाळची वाट बघू नका. कान गार लागले तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश असतं, ते घसरणं वाईट लक्षण. गॅसवरच्या सिमेथिकॉनच्या थेंबांनी अपाय होत नाही, पण त्यावर विसंबू नका. पोट ताणलेलं असेल तर चोळू नका आणि सिरिंजने भरवूही नका. भरवायचं ते अडथळा नाही हे ठरल्यावरच. दवाखान्यात सलाइन, वेदनाशामक आणि आतड्याला चालना देणारी औषधं मिळतात. यांतलं वेदनाशामक सर्वांत मोलाचं, कारण वेदना गेल्याशिवाय ससा तोंड लावत नाही.

घरातल्या गोळ्या अजिबात देऊ नका. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक माणसाच्या लहान मुलाला सर्रास देतात. सशाला तोंडावाटे दिलं तर अंधनालातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हे घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा दगावतो.

आहाराचं मोठं शास्त्र नाही. ताटातला बहुतांश भाग सुकं गवत, तेही अखंड समोर. विकतचं टिमोथी गवत महाग पडत असेल तर नीट वाळवलेली हरळी चालते, मात्र पावसाळ्यात बुरशीचा वास आला की फेकून द्या. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला तिच्यातलं कॅल्शियम जास्त होतं. वर मूठभर पाला. गाजराची एखादी चकती खाऊ म्हणून. पाणी उघड्या जड वाटीत ठेवा, बाटलीच्या नळीपेक्षा वाटीतून ससे अधिक पितात.

आणि नसबंदीसाठी नेताना "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा" असं कुणी सांगितलं तर डॉक्टरांशी पुन्हा बोला. ही सूचना कुत्र्या-मांजरांसाठी आहे, भुलीखाली उलटी होऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही. गवत पिंजऱ्यात शेवटपर्यंत राहू द्या, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने पुन्हा गवत तोंडात धरल्याशिवाय आणि पहिली लेंडी टाकल्याशिवाय निर्धास्त होऊ नका.