मतदारसंघाची सीमा बदलताना हरकत कशी नोंदवायची: पात्रता, कागदपत्रे आणि मुदत

पंढरपूर तालुका एकच आहे, पण विधानसभेसाठी तो चार मतदारसंघांत विभागला आहे: पंढरपूर, माढा, मोहोळ आणि सांगोला. त्यातले पंढरपूर आणि मोहोळ सोलापूर लोकसभेत मोडतात, तर माढा आणि सांगोला माढा लोकसभेत. म्हणजे एकाच तहसील कार्यालयात सातबाऱ्यासाठी येणाऱ्या माणसांचे आमदार चार आणि खासदार दोन. तालुक्याची ४२ गावे माढा मतदारसंघात गेली. माढा तालुक्याची ३६ गावे करमाळ्याला जोडली गेली. आज निवडणूक आली की तिकडे ‘छत्तीस गावं कुणाकडं’ हा पहिला प्रश्न असतो. पाणी, रस्ता, ऊसबिल, कशासाठीही आमदाराकडे जायचे तर आधी आपला आमदार कोणता हे सांगावे लागते.

या रेषा २००८ च्या पुनर्रचनेत आखल्या गेल्या. त्याआधी प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, जाहीर झाले होते, हरकती मागवल्या होत्या, जाहीर सुनावण्याही झाल्या होत्या. पण ही प्रक्रिया सामान्य मतदारापर्यंत नीट पोहोचत नाही. ती पोहोचते ती अंतिम आदेश निघाल्यावर, आणि तेव्हा करण्यासारखे जवळजवळ काही उरत नाही. म्हणून पुढच्या वेळेसाठी ही माहिती सविस्तर देत आहे.

सीमा कोण ठरवतो

विधानसभा आणि लोकसभा मतदारसंघांच्या सीमा राज्य सरकार ठरवत नाही, जिल्हाधिकारीही ठरवत नाहीत. संसद त्यासाठी स्वतंत्र कायदा करते आणि परिसीमन आयोग नेमला जातो. आजवर १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार देशव्यापी आयोग झाले. २००८ च्या सीमा आखणाऱ्या या शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. २००२ च्या कायद्यानुसार आयोगात अध्यक्षांशिवाय निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधी आणि त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त असतात. शिवाय प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार ‘सहयोगी सदस्य’ म्हणून घेतले जातात. त्यांना मत देता येत नाही, पण असहमती नोंदवता येते, आणि ती असहमती प्रारूपासोबत राजपत्रात छापावी लागते. हा भाग लोक वाचत नाहीत, तो जरूर वाचावा. आपल्या भागाबद्दलची हरकत एखाद्या आमदाराने आधीच मांडलेली असू शकते, आणि आपल्या निवेदनाला त्याचा आधार मिळतो.

२००८ मध्ये महाराष्ट्राच्या जागा विधानसभेच्या २८८ आणि लोकसभेच्या ४८ एवढ्याच राहिल्या, कारण ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या होत्या. बदलली ती आतली वाटणी, तीही २००१ च्या जनगणनेच्या आकड्यांवर. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात १३ जागा होत्या, त्या २४ झाल्या. रत्नागिरीच्या ७ होत्या, ५ राहिल्या. खेड आणि संगमेश्वर ही मतदारसंघांची नावेच गेली. सिंधुदुर्गात ४ च्या ३ झाल्या आणि मालवण, वेंगुर्ले, देवगड हे मतदारसंघ नकाशावरून पुसले गेले. कोकणातला माणूस पोटासाठी मुंबई-ठाण्याकडे गेला, त्याच्या मागोमाग त्याची विधानसभेची जागाही गेली. लोकसंख्येच्या हिशेबाने हे बरोबर आहे. पण डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या वाड्यांचे प्रतिनिधित्व त्यामुळे पातळ झाले, हेही तितकेच खरे.

हरकत कोण घेऊ शकतो

२००२ च्या कायद्यात हरकतदारासाठी कोणतीही पात्रता लिहिलेली नाही. कलम ९ एवढेच सांगते की ठरवून दिलेल्या तारखेपूर्वी आलेल्या सर्व हरकती आणि सूचना आयोगाने विचारात घ्यायच्या. त्यात वयाची, शिक्षणाची किंवा पक्षाची अट नाही. एकटा माणूस निवेदन देऊ शकतो, ग्रामपंचायत देऊ शकते, तालुक्यातली एखादी संस्थाही देऊ शकते. या कायद्यात शुल्काची तरतूद नाही आणि ठरावीक छापील नमुनाही नाही. साध्या कागदावरचे निवेदन चालते. सूचनेत वेगळा नमुना किंवा ऑनलाइन पद्धत सांगितली असेल तर मात्र तीच पाळायची. प्रत्येक वेळी कायदा नवा होतो, त्यामुळे राजपत्रातली त्या वेळची सूचना मुळातून वाचणे हे पहिले काम.

मुदत: इथेच बहुतेक जण हुकतात

जम्मू-काश्मीरचे उदाहरण घ्या. तिथल्या आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई होत्या. मुंबई उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात त्यांनी काम केलेले. आयोग नेमला मार्च २०२० मध्ये. प्रारूप जाहीर झाले १४ मार्च २०२२ ला आणि हरकतींची मुदत संपली २१ मार्चला. आयोगाचे काम दोन वर्षे चालले आणि लोकांना मिळाला एक आठवडा. ४ आणि ५ एप्रिलला जम्मू आणि श्रीनगरला जाहीर सुनावण्या झाल्या आणि ५ मेला अंतिम आदेश निघाला. आसाममध्ये २०२३ साली निवडणूक आयोगाने २० जूनला प्रारूप काढले आणि ११ जुलैपर्यंत मुदत दिली, म्हणजे तीन आठवडे.

एवढ्या वेळात शून्यापासून आकडे जमवणे, ग्रामसभा घेणे, नकाशा काढणे शक्य नाही. तयारी प्रारूपाच्या आधीच हवी. हरकत ऐकली जाते का? जाते. जम्मू-काश्मीरमध्ये हरकतींनंतर काही तहसिली एका मतदारसंघातून काढून दुसऱ्याला जोडल्या गेल्या, दरहाल तहसील बुधलमधून ठाणामंडीत गेली. अनेक मतदारसंघांची नावेही बदलली.

कोणता मुद्दा टिकतो

‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढे लिहून चालत नाही. ‘अमुक नेत्याला सोयीचे व्हावे म्हणून केले’ हेही आयोगापुढे टिकत नाही. कायद्यातले निकष मोजके आहेत: मतदारसंघ शक्यतो सलग आणि आटोपशीर असावा, भौगोलिक रचना पाहावी, प्रशासकीय सीमा पाळाव्यात, दळणवळण आणि लोकांची सोय विचारात घ्यावी. विधानसभेचा प्रत्येक मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात असावा. आपली हरकत यांपैकी एखाद्या निकषात बसवावी लागते. आमच्या गावातून मतदारसंघाच्या मुख्य ठिकाणी थेट एसटी नाही, मधे नदी आहे, पूल इतक्या किलोमीटरवर आहे, तहसील आणि पोलीस ठाणे दुसऱ्याच मतदारसंघात आहे. असे ठोस लिहायचे.

त्याहून महत्त्वाचा आहे लोकसंख्येचा हिशेब. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवर होती. तिला २८८ ने भागले की सरासरी येते सुमारे ३ लाख ३६ हजार. आयोगाने साधारण १० टक्के कमी-जास्त चालवून घेतले, म्हणजे ३ लाख २ हजार ते ३ लाख ७० हजार हा ढोबळ पट्टा. आता समजा, २५ हजार लोकसंख्येचे तुमचे महसूल मंडळ (तालुक्यातला काही गावांचा महसुली गट) शेजारच्या मतदारसंघातून काढून आपल्या तालुक्यात आणायचे आहे. शेजारचा मतदारसंघ ३ लाख १० हजारांचा असेल, तर तो २ लाख ८५ हजारांवर येऊन पट्ट्याबाहेर पडतो. मग तुमची मागणी कितीही रास्त असली तरी अडते. तिथेच तुम्ही लिहिले, की त्या बदल्यात दुसरे एक मंडळ तिकडे द्या, त्याची लोकसंख्या इतकी, त्याचा रस्ता आधीच तिकडे जातो, तर आयोगाला उचलता येण्यासारखा प्रस्ताव मिळतो. हरकत घेताना दोन्ही मतदारसंघांचे गणित जुळवून द्यायचे. बहुतेक निवेदनांत नेमके हेच नसते.

आरक्षणावरच्या हरकतींचे गणित वेगळे. २००८ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून २९ झाल्या, जमातींच्या २२ वरून २५. ही संख्या लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरते, ती निवेदनाने कमी होत नाही. जमातींसाठी ज्या मतदारसंघांत त्यांचे प्रमाण सर्वाधिक, ते राखीव होतात. जातींसाठी दोन गोष्टी पाहिल्या जातात: जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात, आणि जिथे प्रमाण तुलनेने मोठे तिथे असाव्यात. या मुद्द्यावर बोलायचे असेल तर आपल्या आणि शेजारच्या मतदारसंघांतले प्रमाण तक्त्यात मांडूनच बोलावे. ‘आमची जागा खुली करा’ या मागणीला कायद्यात आधार नाही, आणि ती करताना दुसऱ्या समाजाबद्दल वावगा शब्द कागदावर येणार नाही याची काळजी प्रत्येकाने घ्यावी.

कागदपत्रे

कायद्याने एकही कागद सक्तीचा केलेला नाही. तरीही पुढील कागद जोडल्याशिवाय निवेदन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

- ज्या जनगणनेवर पुनर्रचना होणार, तिचे गाववार किंवा प्रभागवार आकडे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत एकूण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशी लोकसंख्या मिळते. निवडणूक यादीतली मतदारसंख्या इथे उपयोगाची नाही, हिशेब लोकसंख्येचा असतो.
- आपले गाव कोणत्या तलाठी सजात (एका तलाठ्याकडच्या गावांत) आणि महसूल मंडळात येते याची नोंद. महाराष्ट्राच्या २००८ च्या आदेशात तालुका तोडला तिथे मंडळ आणि सजा यांच्या सीमेवर तोडला आहे. त्यामुळे ‘आमची वाडी तेवढी वेगळी करा’ अशा मागणीपेक्षा पूर्ण मंडळ किंवा पूर्ण सजा यांची मागणी आयोगाला स्वीकारायला सोपी जाते.
- तालुक्याचा नकाशा. त्यावर प्रस्तावित रेषा एका रंगाने आणि तुम्ही सुचवलेली दुसऱ्या रंगाने.
- अंतरांचा तक्ता: गावापासून तहसील, बाजारपेठ, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे.
- ग्रामसभेचा ठराव, ठराव क्रमांक आणि तारखेसह. शेकडो सह्यांच्या कागदापेक्षा याला वजन जास्त.
- निवेदन देणाऱ्याचे नाव, पूर्ण पत्ता आणि सही.

निवेदन दोन पानांत संपवा, बाकी सगळे जोडपत्रात. सुरुवात अशी असू द्या: ‘प्रारूपातील मतदारसंघ क्रमांक अमुक यात समाविष्ट केलेले अमुक महसूल मंडळ, एकूण लोकसंख्या इतकी, हे मतदारसंघ क्रमांक तमुक मध्ये समाविष्ट करावे, ही विनंती. या बदलानंतर दोन्ही मतदारसंघांची लोकसंख्या अनुक्रमे इतकी आणि इतकी होते.’ कारणे त्याखाली निकषांच्या क्रमाने.

निवेदन सूचनेत दिलेल्या पत्त्यावरच पाठवा आणि पोच घ्या. हाताने दिले तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, टपालाने पाठवले तर पावती. तारखेनंतर पोहोचलेले निवेदन विचारात घेणे आयोगावर बंधनकारक नाही. जाहीर सुनावणी राज्यात एक-दोन ठिकाणीच होऊ शकते, आणि तिथे गर्दीत बोलायला फार थोडा वेळ मिळतो. गावातून एकानेच बोलावे, आणि निवेदनातली मागणी व दोन आकडे एवढेच सांगावे.

अंतिम आदेशानंतर

आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचे बळ येते. राज्यघटनेच्या कलम ३२९ नुसार त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, आणि १९६६ मध्ये मेघराज कोठारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोली मतदारसंघाच्या प्रकरणात न्यायालयाने दार थोडे उघडे ठेवले: आदेश उघडपणे मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय त्याकडे पाहू शकते. पण गाव गैरसोयीच्या मतदारसंघात गेले एवढ्यावर हा दरवाजा उघडेल असे समजू नये.

नंतर जिल्हा बदलला म्हणून मतदारसंघ बदलत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचे नाव बदलले, मतदारसंघांच्या सीमा तशाच राहिल्या. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ नुसार निवडणूक आयोग आदेशातल्या छपाईच्या चुका आणि बदललेली नावे दुरुस्त करू शकतो, मतदारसंघाचे क्षेत्र बदलू शकत नाही. जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण आणि महापालिकेचे प्रभाग यांची रचना राज्याच्या कायद्यांखाली स्वतंत्रपणे होते. त्यासाठी दिलेली हरकत विधानसभेच्या सीमेसाठी धरली जात नाही.

नवी सीमा लगेच लागू होत नाही. चालू विधानसभा विसर्जित होईपर्यंत आमदार जुन्याच मतदारसंघाचा राहतो आणि मधली पोटनिवडणूकही जुन्या सीमेवरच होते. महाराष्ट्रात २००८ च्या सीमा पहिल्यांदा वापरल्या गेल्या त्या २००९ च्या लोकसभेला, आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला.

मतदाराला सीमा बदलली म्हणून नवा अर्ज भरावा लागत नाही. मतदार नोंदणी अधिकारी याद्यांचे भाग नव्या मतदारसंघाप्रमाणे लावून घेतात. घर बदलले असेल किंवा नोंद चुकली असेल तरच नमुना ८ भरायचा, नाव अजिबात नसेल तर नमुना ६. प्रारूप मतदारयादी लागली की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे किंवा १९५० या क्रमांकावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, यादी भाग आणि केंद्र तपासून घ्या. सीमेवरच्या गावांत एकाच कुटुंबातली नावे दोन भागांत विभागली जाण्याचा धोका असतो, आणि ती दुरुस्त करायची मुदतही याच यादीवरच्या दावे-हरकतींच्या काळात असते.