आप्पांचा कूलर आणि फ्रॉइडचा कोच

गेल्या एप्रिलमध्ये धुळ्याला एका रिटायर्ड मानसोपचारतज्ज्ञांच्या आठवणी रेकॉर्ड करायला बसलो होतो. वय ८६, आख्खी गल्ली त्यांना आप्पा म्हणते म्हणून मीपण आप्पाच म्हणतो, बाहेर ४४ डिग्री आणि खोलीत जुना पत्र्याचा कूलर, मळणी यंत्रासारखा धडधडणारा. मी म्हटलं, आप्पा, तासभर बंद करू का, मोबाईलमध्ये आवाज येतोय. तर म्हणे, "मारी टाकशी का रे माले?" विषय संपला. जळगावला घरी येऊन इयरफोन लावले तर दीड तास नुसता कूलर, आणि कूलरच्या मागं कुठंतरी लांब आप्पा.

आता धुळ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या आठवणींचं एवढं काय, तर सांगतो. आप्पा साठच्या दशकात मुंबईला शिकायला होते आणि आठवड्यातून चार दिवस सकाळी सातला एका मनोविश्लेषकाकडं जाऊन कोचवर आडवे व्हायचे. पेशंट म्हणून नाही, शिकाऊ म्हणून. सायकोॲनालिसिसवाल्यांचा नियमच आहे की दुसऱ्याच्या मनात शिरायच्या आधी आपण स्वतः कुणासमोर तरी आडवं व्हायचं, स्वप्नं सांगायची, मनात येईल ते न गाळता बोलायचं. १९०९ मध्ये माक्स आयटिंगोन नावाचा तरुण डॉक्टर व्हिएन्नात या शास्त्राचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्याबरोबर संध्याकाळी फिरायला जायचा आणि चालता चालताच त्याचं ॲनालिसिस व्हायचं, त्यालाच पहिलं ट्रेनिंग ॲनालिसिस मानतात. पुढं ते सक्तीचं झालं. त्यामुळं या लोकांची आपल्याकडच्या भाटाच्या वहीसारखी वंशावळ तयार होते, म्हणजे फ्रॉइडच्या कोचवर जेम्स स्ट्रेची, स्ट्रेचीच्या कोचवर डोनाल्ड विनिकॉट, आणि असं करत करत कुठल्यातरी फांदीला आमचे आप्पा.

फक्त भाटाकडं वही असते, इथं तीच नाही. जे शिकवलं गेलं ते दोन माणसांत, बंद खोलीत, तोंडी. आणि लिहायचं राहून गेलं असंही नाही, मुद्दामच लिहिलं नाही. फ्रॉइडनं १९१२ मध्ये डॉक्टरांना सल्लाच दिला होता की पेशंट बोलत असताना नोट्स काढत बसू नका, कारण लिहायला लागलात की काय लिहायचं आणि काय सोडायचं याची निवड सुरू होते आणि ऐकणं बिघडतं. तो स्वतः दिवसभराचं काम आटोपल्यावर आठवून आठवून लिहायचा. त्यातल्या 'रॅट मॅन' नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशंटच्या १९०७ च्या रोजच्या नोंदी तेवढ्या शिल्लक राहिल्यात. बाकी कागद जाळायची तर त्याला हौसच होती. १८८५ मध्ये, म्हणजे लग्न व्हायचं होतं आणि बाहेर कुणी नावानं ओळखतही नव्हतं तेव्हा, त्यानं आपल्या वह्या-पत्रं नष्ट केली आणि होणाऱ्या बायकोला कळवलं की माझं चरित्र लिहिणाऱ्यांची आता पंचाईत होऊ दे. विशी-तिशीतला पोरगा, काय तो कॉन्फिडन्स!

आणि आवाज? फ्रॉइडच्या आवाजाचं ज्ञात असलेलं एकच रेकॉर्डिंग आहे, ७ डिसेंबर १९३८ चं, बीबीसीनं लंडनला त्याच्या घरी जाऊन केलेलं. जबड्याच्या कॅन्सरनं तोंडात कृत्रिम टाळू बसवलेली, बोलताना त्रास होतोय हे ऐकताना कळतं. इंग्रजीत सुरू करतो आणि शेवटचं वाक्य जर्मनमध्ये बोलतो. जेमतेम दोन मिनिटं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकलं त्याचं स्वतःचं बोलणं जगाकडं एवढंच आहे.

बरं या उपचाराची सुरुवातच बोलण्यातून झालेली. १८८० च्या शेवटी योसेफ ब्रॉयर या डॉक्टरनं बेर्टा पापेनहाइम या तरुणीवर उपचार सुरू केले, ती बोलली की तिची लक्षणं हलकी व्हायची, आणि 'बोलण्याचा इलाज' हे नाव तिनंच दिलं, डॉक्टरनं नाही. (त्याच १८८० मध्ये आपल्या आसोद्याला बहिणाबाई जन्मल्या. लिहिता येत नव्हतं, जात्यावर-शेतात ओव्या म्हणायच्या, सोपानदेवांनी आणि मावसभावानं त्या उतरवून घेतल्या म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. नसत्या उतरवल्या तर? खान्देशच्या माणसाला तोंडी गोष्टीची किंमत वेगळी समजवायला नको.)

फ्रॉइडच्या मंडळींत हे उतरवून घ्यायचं काम कुर्ट आइसलर या विश्लेषकानं अंगावर घेतलं. १९५१ मध्ये फ्रॉइड आर्काइव्ह सुरू केलं आणि फ्रॉइडला ओळखणाऱ्या शंभराहून जास्त लोकांकडं टेपरेकॉर्डर घेऊन गेला, जुने पेशंट, सहकारी, नातेवाईक. सगळं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नेऊन ठेवलं आणि त्यातल्या कित्येक गोष्टींना कितीतरी दशकांचं कुलूप लावलं. अभ्यासक वैतागले, साहजिक आहे, मीपण हे वाचून वैतागलो होतो, अरे मग गोळा कशाला केलं? २०१७ मध्ये फ्रॉइडचे कागद ऑनलाइन आले आणि त्यातल्या बऱ्याच मुलाखती आता घरबसल्या वाचता येतात.

तोवर दुसऱ्या एकानं थांबायचंच नाही असं ठरवलं होतं. पॉल रोझन हा राज्यशास्त्राचा तरुण अभ्यासक, विश्लेषक नव्हे, साठच्या दशकात फ्रॉइडला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या सत्तरहून जास्त लोकांना भेटला. त्यातून एक गोष्ट बाहेर आली जी आतल्या लोकांना माहीत होती पण छापलेली नव्हती, की फ्रॉइडनं स्वतःच्या मुलीचं, ॲनाचं, ॲनालिसिस स्वतःच केलं होतं. ज्या शास्त्रात ओळखीच्या माणसाला पेशंट म्हणून घेऊ नये म्हणतात तिथं बाप आणि मुलगी! १९६९ मध्ये रोझननं ते छापलं. कागदावर शोधत बसला असता तर अजून शोधत असता.

पेशंटचंही तसंच. फ्रॉइडचा 'वुल्फ मॅन', म्हणजे सर्गेई पांकेयेव, लहानपणी त्याला खिडकीबाहेरच्या अक्रोडाच्या झाडावर बसलेल्या पांढऱ्या लांडग्यांचं स्वप्न पडलं होतं आणि त्यावरून फ्रॉइडनं तर्क केला की हा दीड वर्षाचा असताना यानं आईवडिलांना एकत्र बघितलं असणार. सत्तरच्या दशकात एका पत्रकार बाईंनी म्हाताऱ्या पांकेयेवला गाठलं तर तो म्हणाला की आमच्यासारख्या रशियन घरात लेकरू दाईजवळ झोपायचं, आईवडिलांच्या खोलीत नाही. साधी घरगुती माहिती, पण साठ वर्षांची थिअरी हलली.

भारताची फांदी तर अजूनच मजेशीर आहे. कोलकात्याचे गिरींद्रशेखर बोस, डॉक्टर, यांनी १९२२ मध्ये इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी काढली, फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, १९३१ मध्ये त्याच्या ७५ व्या वाढदिवसाला हस्तिदंती विष्णू पाठवला, पण भेट एकदाही नाही. आणि कुणाच्याच कोचवर न झोपता स्वतःचं ॲनालिसिस स्वतःच केलं. म्हणजे आपली वंशावळ निगुऱ्यापासून सुरू होते. पत्रं छापलेली आहेत, पण बोसांच्या समोर बसलेल्या माणसाला ते कसं वाटायचं, बंगालीत बोलायचे की इंग्रजीत, गप्प किती वेळ बसायचे, हे पत्रात नसतं.

आप्पांनी मला सांगितलं की त्यांचं ॲनालिसिस इंग्रजीत चालायचं, पण स्वप्नात आजी यायची ती अहिराणीत बोलायची. मग ते कोचवर पडून आधी आजीचं वाक्य मनात मराठीत करायचे, मग इंग्रजीत, आणि तोवर स्वप्न थंड. धुळ्याला परत येऊन हौसेनं कोच करून घेतला, सागवानी, रेक्झिनचा. पहिल्या पेशंटला म्हटलं, आडवे व्हा आणि मनात येईल ते बोला. तो आडवा झाला, शर्ट वर केला आणि पोट उघडं करून म्हणाला, डॉक्टरसाहेब, इथं दुखतं. दुसऱ्यानं तेच केलं. दवाखान्यात आडवं व्हायचं म्हणजे पोट दाखवायचं, एवढंच त्यांना माहीत. महिन्याभरात कोच घरी गेला, अजून तिथंच आहे, त्यावर पापडाची पोती असतात. व्हिएन्नाचं शास्त्र खान्देशात आल्यावर त्याचं काय झालं याचा याच्याइतका नेमका पुरावा मला तरी कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

पण पुरावा म्हणायचं की किस्सा, इथं खरी अडचण सुरू होते. आठवण म्हणजे कपाटातली फाईल नाही, दरवेळी काढताना मेंदू ती नव्यानं जुळवतो. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं, दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं कळली, सोबत कोण होतं. अडीचेक वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत तेच विचारलं तर चौथाई मुलांचं सगळंच्या सगळं चुकलं, आणि ठामपणा मात्र भरपूर. जुना कागद दाखवला तरी काहींची आठवण हलली नाही. प्रश्न विचारणाराही घोटाळा करतो. एलिझाबेथ लॉफ्टसनं १९७४ मध्ये गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून एका गटाला विचारलं गाड्या 'आदळल्या' तेव्हा स्पीड किती होता, दुसऱ्याला विचारलं 'धडकून चुराडा झाला' तेव्हा किती. आठवड्यानं विचारलं फुटलेली काच दिसली का, तर चुराडावाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, आदळलेवाल्या ५० पैकी ७. काच नव्हतीच फिल्ममध्ये. म्हणून आता मी आप्पांना "त्या सरांचा राग यायचा का" असं विचारत नाही, "तिथून निघाल्यावर कुठं जायचात" असं विचारतो. खरं तर फ्रॉइडनं हे १८९९ मध्येच म्हटलं होतं, की एखादी साधीसुधी, लख्ख आठवण पुष्कळदा दुसऱ्या काहीतरी अवघड गोष्टीवर ओढलेला पडदा असते.

इटलीत तेर्नी या गावी १७ मार्च १९४९ ला नाटोविरोधी निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली हा मौखिक इतिहासाचा अभ्यासक कित्येक वर्षांनी कामगारांशी बोलला तर बरेच जण सांगायचे तो १९५३ मध्ये मेला, कारखान्यातून हजारो लोक काढले तेव्हाच्या आंदोलनात. तारीख चूक. पण पोर्तेल्लीनं ती चूक फेकून दिली नाही, कारण आपला माणूस एका छोट्या मोर्च्यात फुकट गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही हे त्या लोकांना पचलं नव्हतं, म्हणून त्यांनी तो मृत्यू मोठ्या लढाईत नेऊन ठेवला.

हे आठवायचं कारण आप्पांचं बहात्तर. माणसाला दहा ते तीस वयातलं सगळ्यात जास्त आठवतं असं संशोधन आहे, आणि आप्पांनाही मुंबईचा जिन्याचा कठडासुद्धा आठवतो. ॲनालिसिस अर्धवट का सोडलं विचारलं की ते दरवेळी तेच सांगायचे, बहात्तरचा दुष्काळ, वडिलांनी बैलजोडी विकली, गावाकडून पैसे बंद झाले. मी तीन वेळा ऐकलं, तिन्ही वेळा शब्दही तेच. मग जूनमध्ये त्यांच्या सुनेनं माळ्यावरून एक पिशवी काढली, त्यात त्यांची फीच्या हिशोबाची डायरी. शेवटची नोंद मार्च १९६९. त्याच्यापुढं पानं कोरी.

मी डायरी त्यांच्यापुढं ठेवली. चष्मा लावून बराच वेळ बघितली. "अक्षर मन्हंच शे," म्हणाले. मग काहीच नाही. मीही बोललो नाही, एवढं तर या विषयानं शिकवलंय. पाऊस अजून लागायचा होता, घाम निथळत होता, कूलर धडधडत होता. आप्पा काठी टेकवत उठले आणि त्यांनी स्वतः जाऊन कूलरचं बटन बंद केलं, खोली एकदम शांत झाली, आणि परत खुर्चीत बसत मोबाईलकडं बोट दाखवून म्हणाले, "आते चालू कर."

बावीस मिनिटांची फाईल आहे, अगदी स्वच्छ, मागं फक्त चिमण्या. ती कधी उघडायची ती तारीख आप्पांनी चिठ्ठीवर लिहून दिलीय. तोवर ती बंद.